तेजी, मंदी आणि सरकारचा सामाजिक खर्च : रोजगार हमीच्या निमित्ताने



बारावीच्या अर्थशास्त्रात सार्वजनिक वित्ताचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो मागच्या बाकावरून आला. "सर, मंदी आली की लोकांचं काम जातं, म्हणजे मदत तेव्हाच लागते. पण मंदीत सरकारचा करसुद्धा कमी जमा होतो. मग मदत वाढणार कशी? उलट कमीच होणार ना?"

मी त्या दिवशी तासाला जे उत्तर दिलं ते घाईचं होतं. घंटा झाली होती. म्हणून आजचा पाठ पूर्ण त्या एका प्रश्नावर लिहितो. परीक्षेत यावर फार तर चार गुणांचा प्रश्न येईल, पण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात या प्रश्नाचं उत्तर २०२० साली प्रत्यक्ष पाहिलं गेलंय.

आठवून बघा. तुम्ही तेव्हा लहान होता, पण एवढं आठवत असेल की पसरणी घाटातून पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या एकाएकी बंद झाल्या. हॉटेलात काम करणारी पोरं घरी बसली. घाटावर आणि मेणवलीला होणारी सिनेमाची शूटिंगं थांबली, त्याबरोबर जेवण पुरवणारे, गाड्या चालवणारे, गर्दीत उभे राहणारे सगळेच थांबले. आणि मुंबईला माथाडी कामाला, दुकानांत, टॅक्सीवर असलेली वाई-जावळीची माणसं गावाकडं परतली. एका महिन्यात घरातली खाणारी तोंडं वाढली आणि मिळकत आटली. मंदी म्हणजे काय हे पुस्तकाआधी तुम्ही अनुभवलंय.

आधी दोन व्याख्या, थोडक्यात

अर्थव्यवस्थेत उत्पादन, रोजगार, किमती यांच्यात होणाऱ्या चढउतारांना आपण व्यापारचक्र म्हणतो. तेजी, घसरण, मंदी, पुनरुज्जीवन या त्याच्या अवस्था तुम्हाला पाठ आहेत. त्यावर वेळ घालवत नाही.

सामाजिक खर्च म्हणजे रेशनचं धान्य, निराधारांचं पेन्शन, शाळेतला पोषण आहार, शिष्यवृत्त्या, सरकारी दवाखाना, रोजगार हमी. म्हणजे ज्याच्यामुळे माणूस अडचणीच्या काळात उभा राहतो तो खर्च.

आता हा खर्च व्यापारचक्राच्या उलट दिशेने चालू शकतो किंवा त्याच्या बरोबरीने. मंदीत वाढला आणि तेजीत कमी झाला तर त्याला चक्रविरोधी खर्च म्हणतात. तेजीत वाढला आणि मंदीत आटला तर चक्रानुगामी. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या ग्रंथात जे मांडलं त्याचा व्यवहारातला अर्थ असा की मंदीत लोक खर्च थांबवतात, कारखानदार गुंतवणूक थांबवतात, तेव्हा सरकारने तरी हात आखडू नये. सगळ्यांनी एकदम खर्च थांबवला तर एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचं उत्पन्न हे चाकच अडतं. आल्याचं उदाहरण घ्या. आल्याला गाडीला, म्हणजे पाचशे किलोला, चांगला दर मिळाला त्या वर्षी शेतकरी घर बांधतो, गवंड्याला काम मिळतं, गवंडी किराणा भरतो. दर पडला की हेच सगळं उलट फिरतं.

ही साखळी तुटू नये म्हणून धरण लागतं. धोम धरण पावसाळ्यात कृष्णेचं पाणी अडवतं आणि उन्हाळ्यात आवर्तन सोडतं. पाऊस जोरात असताना कालव्यालाही पाणी आणि पाऊस नसताना कालवाही कोरडा, असं असेल तर धरण बांधलं कशाला? सरकारी तिजोरीकडून हीच अपेक्षा आहे. पण एक बारकावा लक्षात ठेवा. आवर्तन आपोआप सुटत नाही. बैठक होते, पाण्याची मागणी होते, भांडणं होतात, मग दरवाजे उघडतात. सामाजिक खर्चाचंही तसंच. काही खर्च बैठकीत ठरतो आणि काही कायद्यामुळे आपोआप वाढतो. या दुसऱ्या प्रकाराला स्वयंचलित स्थिरीकारक असं भारदस्त नाव आहे. श्रीमंत देशांत बेकारी भत्ता हे त्याचं नेहमीचं उदाहरण देतात. नोकरी गेली की भत्ता सुरू, लागली की बंद, त्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही.

आपल्याकडं असं काही आहे का? आहे. आणि ते आपल्याच भागात जन्मलं.

विसापूर ते विधानभवन

आपल्याकडची मंदी पूर्वी बाजारातून यायची नाही, आभाळातून यायची. साताऱ्याचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावला पाचशेच्या आसपास. सांगलीतही तेच. कृष्णाकाठ हिरवा, जत-आटपाडी कोरडी. पाऊस गेला की शेतमजुराचं काम जायचं, धान्य महाग व्हायचं आणि त्याच वर्षी शेतसारा बुडाल्यामुळे सरकारही हात राखून वागायचं. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली. तिजोरीवर भार नको हा हेतू. इतिहासात ती 'टेंपल मजुरी' म्हणून कुप्रसिद्ध आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला होता. चक्रानुगामी खर्चाचं याहून उघडंवाघडं उदाहरण मला तरी माहीत नाही. लोक उपाशी, म्हणून मजुरी कमी!

स्वातंत्र्यानंतर दुष्काळी कामं निघत होती, पण ती सरकारच्या मर्जीने निघत. टंचाई जाहीर झाली तर काम, नाहीतर नाही. हा मर्जीचा भाग काढून टाकायचा विचार वि. स. पागे यांनी मांडला. ते सांगली जिल्ह्यातले, महाराष्ट्र विधान परिषदेचे १९६० ते १९७८ सभापती. तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात १९६९ मध्ये या कल्पनेचा प्रयोग झाला. काम मागेल त्याला काम द्यायचं, एवढी साधी कल्पना. ऐकायला सोपी वाटते, पण हिशेबनीसाला घाम फुटेल अशी आहे, कारण खर्च किती होणार हे सरकार ठरवत नाही, काम मागणारा ठरवतो.

मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि वाटीत मिळणारी सुकडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. तेव्हाच्या राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर, म्हणजे दर दहा माणसांमागे जवळपास एक माणूस सरकारी कामावर. सरकारचा खर्च त्या वर्षी प्रचंड वाढला. पण त्या दुष्काळात एरवी होतात तसे भूकबळी मोठ्या प्रमाणावर झाले नाहीत, ही गोष्ट दुष्काळाचा अभ्यास करणारे जगभरचे लोक आजही नोंदवतात.

पुढचा भाग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि पाठ्यपुस्तकांत तो एका ओळीत उरकलेला असतो. पैसा कुठून आणायचा?

माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला एक कपात असते. व्यवसाय कर २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० रुपये. घटनेच्या कलम २७६ मध्ये या कराची कमाल मर्यादाच तेवढी आहे. नोकरीला लागलो तेव्हा मला ही कपात उगाचच वाटायची. नंतर कळलं की हा कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने लागू झाला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर, विक्रीकरावर अधिभार आला, आणि बागायती जमिनीवर विशेष आकारणी आली. जेवढी रक्कम या करांतून जमा होईल तेवढीच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. म्हणजे मुंबईतला पगारदार आणि कृष्णाकाठचा बागायतदार यांच्या खिशातून माणच्या मजुराच्या मजुरीची सोय.

आता त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडं परत या. मंदीत कर कमी जमा होतो, बरोबर. पण सगळेच कर सारखे पडत नाहीत. विक्रीवरचा कर विक्री पडली की पडतो. मुद्रांक शुल्क घरांचे व्यवहार थांबले की थांबतं. व्यवसाय कर मात्र पगारावर, ठरावीक टप्प्याने असतो. दुष्काळ पडला म्हणून माझा पगार कमी होत नाही, त्यामुळे माझे २०० रुपयेही चुकत नाहीत. ज्या वर्षी मागणी वाढणार त्या वर्षी न आटणारा झरा आधीच शोधून ठेवलेला होता. इतकी साधी व्यवस्था, पण त्यामागचा विचार बघा किती लांबचा आहे.

रोजगार हमी कायदा १९७७ साली विधिमंडळाने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता किमान एक रुपया, म्हणजे नावापुरताच. पण मुद्दा रकमेचा नव्हता. काम हा हक्क झाला आणि हक्क झाल्यावर 'निधी नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही. शिवाय ऊन्हातान्हात माती उपसायचं काम कमी मजुरीवर करायला गरज नसलेला माणूस येतच नाही. शेतात सुगी आली की मजूर आपोआप कमी होतात, खर्च आपोआप उतरतो. म्हणजे यादी करायला नको, चौकशी नको, आणि बंद करायलाही कुणाचा आदेश नको. हाच तो आपला स्वयंचलित स्थिरीकारक. युरोपात कारखान्यातल्या कामगारासाठी जे होतं ते इथं शेतमजुरासाठी वेगळ्या रूपात उभं राहिलं.

सगळं गोड होतं असं मात्र समजू नका. मुकादमाने मस्टरवर खोटी नावं चढवल्याच्या तक्रारी तेव्हापासून आहेत. कामातून झालेल्या रस्त्यांचा, तलावांचा फायदा जमीन असलेल्यांनाच जास्त झाला अशीही टीका झाली, आणि ती चुकीची नाही. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट १९८८ ची. त्या वर्षी किमान मजुरी जवळपास दुप्पट झाली. मजुरी वाढली तर कामाला येणारे वाढायला हवेत ना? प्रत्यक्षात हजेरी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की खर्च आवाक्याबाहेर जाऊ नये म्हणून कामंच कमी काढली जात होती. कायद्यात हमी तशीच होती, पण तालुक्याच्या पातळीवर नळ हळूच आवळला गेला होता. परीक्षेत 'मूल्यमापन करा' असा प्रश्न आला तर हे उदाहरण लिहा.

२००८ : एक सुदैवी योगायोग

महाराष्ट्राची कल्पना पुढे देशाने घेतली. २००५ चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा, २ फेब्रुवारी २००६ पासून अंमल. ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. महाराष्ट्राने त्यापुढचे दिवस आपल्या खर्चाने द्यायचं ठेवलं.

गंमत अशी की हा कायदा तेजीत झाला. २००३ ते २००८ ही आपल्या अर्थव्यवस्थेची वेगवान वर्षं, कर भरभरून जमा होत होता. फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात शेतकऱ्यांना सुमारे ६०,००० कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, पुढे तो आकडा ७१,००० कोटींच्या वर गेला. त्याच सुमारास सहावा वेतन आयोग. हे सगळं तेजीतलं, म्हणजे नियमाने पाहिलं तर चुकीच्या वेळेचं. आणि १५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, जगात मंदी आली. आधीच मंजूर झालेला हा खर्च नेमका तेव्हा लोकांच्या हातात पडत होता. शहरातली मागणी थंडावली तरी खेड्यातली टिकली. बरेच जण याला सरकारची दूरदृष्टी म्हणतात. मी योगायोग म्हणतो. दूरदृष्टी दिसते ती रोजगार हमीच्या रचनेत, कारण तिला मंदी कधी येणार हे आधी माहीत असावं लागत नाही.

२०२० : एकच वर्ष, दोन तिजोऱ्या

या वर्षाकडं नीट बघा, कारण प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे.

देशाचं उत्पादन २०२०-२१ मध्ये सुमारे ६ टक्क्यांनी आक्रसलं. केंद्राने रोजगार हमीला त्या वर्षी मूळ तरतूद केली होती ६१,५०० कोटींची. मागणी इतकी आली की ४०,००० कोटी आणखी द्यावे लागले आणि वर्षाअखेर खर्च एक लाख कोटींच्या पुढे गेला. देशभरात मनुष्यदिवस २०१९-२० मध्ये २६५ कोटी होते, ते ३८९ कोटी झाले. पुढच्या वर्षी ३६३ कोटी आणि २०२२-२३ मध्ये २९० कोटींच्या थोडे वर. चढले आणि उतरले. उतरवण्यासाठी कुणी योजना बंद केली नाही. लोक आपापल्या कामावर परत गेले. शिवाय रेशनवर सुमारे ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो जादा धान्य मोफत, एप्रिल २०२० पासून डिसेंबर २०२२ पर्यंत. महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे रुपये.

आता राज्याची तिजोरी. मार्च २०२० च्या पगारातच कळलं होतं काय होणार ते. वर्ग अ आणि ब च्या कर्मचाऱ्यांना आधी निम्मा पगार, वर्ग क ला ७५ टक्के, वर्ग ड ला पूर्ण. मग ४ मे २०२० चा वित्त विभागाचा आदेश आला. विकासाच्या योजनांवर तरतुदीच्या ३३ टक्केच निधी, नवी बांधकामं नाहीत, नवी भरती नाही. आरोग्य, अन्नपुरवठा, मदत-पुनर्वसन अशा मोजक्या खात्यांना प्राधान्य. ६७ टक्के कात्री, आणि तीही शतकातल्या सगळ्यात वाईट वर्षी!

राज्य सरकार निर्दय होतं म्हणून असं झालं, असं समजू नका. दुसऱ्या कुठल्या पक्षाचं सरकार असतं तरी आदेश थोड्याफार फरकाने हाच निघाला असता. कारण रचनेत आहे. केंद्राला कर्ज काढायला मोकळीक जास्त, शिवाय रिझर्व्ह बँक पाठीशी. राज्याने मात्र घटनेच्या कलम २९३ नुसार केंद्राची संमती घेऊन कर्ज काढायचं, आणि वित्तीय जबाबदारीच्या कायद्याप्रमाणे तूट राज्याच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायची. मे २०२० मध्ये केंद्राने ही मर्यादा ५ टक्क्यांपर्यंत वाढवली, पण त्यातली फक्त अर्धा टक्का वाढ बिनशर्त होती. उरलेल्यासाठी अटी. आणि खर्चाची बाजू बघितली तर पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो. तो टाळता येत नाही. मग कात्री कुठं लागणार? जे मागायला मंत्रालयापर्यंत पोचत नाहीत त्यांच्या योजनेला.

संजय गांधी निराधार योजना घ्या. १९८० पासूनची, विधवा, अपंग, निराधार यांच्यासाठी. मासिक रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० झाली आणि २०२३ मध्ये १,५००. मधल्या वर्षांत, म्हणजे नेमक्या महामारीच्या मंदीत, ती हजारावरच राहिली. त्याच २०२० च्या सप्टेंबरमध्ये घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत ३ टक्क्यांनी आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केलं गेलं. बांधकाम सुरू व्हावं, मजुरांना काम मिळावं हा हेतू. तो काही अंशी साधलाही, घरं खूप विकली गेली. पण सवलत घर घेणाऱ्याला थेट मिळाली आणि विटा वाहणाऱ्याला वळसा घालून. मंदीवरचे सगळे उपाय गरिबांवरचा खर्च नसतात, एवढं टिपून ठेवा.

तर त्या प्रश्नकर्त्याला माझं उत्तर असं: तू म्हणतोस ते बरोबर आहे, तिजोरीच्या भरवशावर सोडलं तर मदत मंदीत कमीच होते. ती वाढते ती तिथेच, जिथे कायद्याने हक्क दिलाय आणि त्या हक्काला न आटणारा पैसा बांधून ठेवलाय. २०२० मध्ये रोजगार हमी वाढली कारण नाही म्हणण्याची सोय कमी होती. राज्याच्या योजना आटल्या कारण नाही म्हणायला एक आदेश पुरत होता.

आणि शहरात? वाईच्या पेठेत दुकानात काम करणाऱ्या मुलाला ग्रामीण रोजगार हमी लागू नाही. मुंबईहून परतलेला माणूस गावात आला म्हणून त्याला काम मागता आलं, मुंबईतच राहिला असता तर नाही. विमा भरणाऱ्या संघटित कामगारांना राज्य कामगार विम्यातून थोडा बेकारी भत्ता मिळतो, बाकीच्यांना काही नाही. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगारांपैकी कितीतरी जण याच कारणाने सातारा-रत्नागिरीच्या गावांकडं परतले होते. आपलं गाव हाच त्यांचा बेकारी भत्ता होता.

तेजीतली उधळण, आणि आजचा पेच

आता तेजीची बाजू, जी जास्त अवघड आहे. धरण पावसाळ्यात भरावं लागतं.

२०२३-२४ मध्ये देश ८ टक्क्यांहून जास्त वेगाने वाढला. चांगलं वर्ष. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्याने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली. अडीच लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबातल्या महिलेला महिना १,५०० रुपये, वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज. नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणूक झाली. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तरतूद ३६,००० कोटींवर आली, लाभार्थ्यांची पडताळणी सुरू झाली, आणि मागासवर्गीयांसाठीचा निधी इकडे वळवल्यावरून २०२५ मध्ये वाद झाला.

यावर वर्गात नेहमी दोन गट पडतात. मला योजनेच्या हेतूबद्दल तक्रार नाही. ज्या घरी हे पंधराशे रुपये येतात तिथं त्यांची किंमत काय आहे ते मी माझ्या विद्यार्थिनींच्या फी भरण्यावरून पाहिलंय. प्रश्न वेळेचा आणि रचनेचा आहे. ही रक्कम मंदी आली म्हणून वाढत नाही आणि तेजी आली म्हणून कमी होत नाही. राज्याचं कर्ज २०२५-२६ च्या अंदाजाप्रमाणे ९ लाख कोटींच्या पुढे आहे. चांगल्या वर्षात हात पूर्ण मोकळा सोडला तर वाईट वर्षात सोडायला उरतं काय? विल्यम नॉर्डहाउस या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच मांडलं होतं की सरकारच्या आर्थिक धोरणाला निवडणुकीचं चक्रही फिरवतं. निराधार योजनेची वाढ २०१९ आणि २०२३ मध्ये झाली हे वर आलंच आहे. त्या वर्षांच्या पुढेमागे काय होतं ते तुम्हीच बघा.

शेवटची बातमी, जी तुमच्या पुस्तकात अजून यायची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमीच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० वरून १२५ झाले, हे चांगलं. पण मजुरीचा खर्च जो पूर्वी केंद्र उचलत असे तो आता बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटला जाईल. आणि प्रत्येक राज्याला किती निधी द्यायचा हे केंद्र आधी ठरवेल, त्यावरचा खर्च राज्याने करायचा. शेतीच्या हंगामात कामं काही दिवस बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. समर्थक म्हणतात, यामुळे शिस्त येईल, राज्यं जबाबदारीने कामं निवडतील. तेही ऐकून घ्या. पण २०२० चे दोन हिशेब शेजारी ठेवून मग विचार करा. पुढची मंदी आली आणि मागणी ठरलेल्या निधीच्या वर गेली, तर वरचा पैसा त्याच तिजोरीतून यायचा आहे जिने ४ मे २०२० चा आदेश काढला होता.

घरचा अभ्यास

वहीत एक आलेख काढा. आडव्या अक्षावर २०१९-२० पासून २०२२-२३ पर्यंतची चार वर्षं. एका रेषेवर वर दिलेले मनुष्यदिवस. दुसऱ्या रेषेवर देशाचा वाढीचा दर: सुमारे ४, उणे ६, ९ च्या वर आणि ७ च्या वर. दोन्ही रेषा कुठं एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि दुसऱ्या वर्षी मनुष्यदिवस लगेच खाली का आले नाहीत, यावर पाच ओळी लिहा. उत्तरासाठी तुमच्या घरी २०२१ मध्ये कोण परत मुंबईला गेलं आणि कोण गेलं नाही ते आठवा.

आणि घरात कुणी पगारदार असेल तर त्यांचं फेब्रुवारीचं पगारपत्रक मागून बघा. व्यवसाय कराच्या रकान्यात ३०० दिसले तर ते कशासाठी कापतात हे त्यांना माहीत आहे का, ते विचारा. उत्तरं शुक्रवारच्या तासाला वर्गात वाचू.